चौतीस कंस आणि एक बाक

बाक हवा होता, एवढीच गोष्ट होती. लाकडी, लोखंडी, सिमेंटचा, कसाही चालला असता. बाजारातून घराकडे येणाऱ्या चढाच्या मध्यावर विजेची एक हिरवी पेटी आहे, तिच्या शेजारी दोन माणसं टेकतील एवढाच. याहून कितीतरी मोठ्या मागण्या लोक रोज करतात आणि त्या मान्यही होतात. पण प्रूफकाकांच्या या बाकापायी विभाग कार्यालयाचं काम पाच दिवस ठप्प झालं, एका जोडप्याचं लग्न कागदावर लागायचं राहिलं, दोन गल्ल्या अंधारात राहिल्या, आणि जन्मात कोणाला 'जरा सरका' असंही न म्हणालेल्या प्रूफकाकांच्या नावापुढे सरकारी कागदावर 'हल्लेखोर' असा शब्द आला.

काकांनी एका छापखान्यात एकेचाळीस वर्षं मुद्रितं, म्हणजे प्रुफं, तपासली होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका शोधणारा माणूस एकतर उद्धट होतो नाहीतर घाबरट. काका दुसऱ्या प्रकारात गेले. दाराला कुलूप लावल्यावर ते लागलं की नाही हे पाहायला ते जिन्यातून दोनदा परत येत, आणि दोनदाच आलो की तीनदा याची खात्री नसल्यामुळे चौथ्यांदाही येत. त्यामुळे अर्ज करायचं ठरवल्यावर त्यांनी आधी शेजाऱ्यांचा सल्ला घेतला. ही पहिली चूक.

बाकाची गरज काकूंच्या गुडघ्याला होती. हल्ली हा गुडघा चढाच्या बरोबर मध्यावर दुखायला लागे. आधी नाही, नंतर नाही. हिरवी पेटी आली की काकू तिला हात टेकून म्हणत, "अहो, थांबा हं जरा. गुडघा." मग काका पिशव्या खाली ठेवत आणि समोरच्या भिंतीवरच्या जुन्या जाहिराती वाचत उभे राहत. त्या सगळ्या जाहिराती वाचून झाल्या होत्या. एकीतली चूक तर त्यांनी पेन्सिलीने दुरुस्तही केली होती.

वरच्या मजल्यावरचे वकील म्हणाले, "अर्ज करा, पण काय हवंय ते पहिल्या वाक्यात सांगून मोकळे होऊ नका. सरळ मागितलं की सरळ नाकारतात. आधी पार्श्वभूमी तयार करायची."

तळमजल्यावरचे गृहस्थ, ज्यांच्या भिंतीत पाणी झिरपत असल्यामुळे सगळे त्यांना गळतीवाले म्हणत, म्हणाले, "अर्ज करून काही होत नसतं. सहा वर्षं करतोय मी. पण करा. माणसाने काहीतरी करत राहावं."

काका विभाग कार्यालयात गेले. तीन नंबरच्या खिडकीत एक कारकून बसला होता.

"अर्ज इथे घेत नाही. ऑनलाइन करायचा," कारकून म्हणाला.

"मग ही खिडकी?"

"ऑनलाइन करायचा हे सांगायला."

काकांना हे पटलं. त्यांना बहुतेक गोष्टी पटत.

घरच्या जुन्या संगणकावर एका बोटाने टाइप करत काकांनी तीन दुपारी तो अर्ज लिहिला. सुरुवातीलाच मागणीचा प्रकार निवडायचा होता. यादीत बाक नव्हता. सर्वांत जवळचा प्रकार होता 'रस्त्यावरील अडथळे', तो त्यांनी जड अंतःकरणाने निवडला. त्याखाली मोठी रिकामी चौकट होती: 'मागणी व कारण सविस्तर लिहा.'

काकांनी लिहिलं, 'माझ्या पत्नीच्या गुडघ्याला'. आणि थांबले. पत्नीचं वय सांगायला नको का? कंस उघडून त्यांनी वय लिहिलं. वय लिहिल्यावर वाटलं, कोणता गुडघा तेही यायला हवं. पुन्हा कंस. डावा. पण कधीकधी ती उजवाही म्हणते. कंस. म्हणजे ती तसं म्हणते म्हणून, आपण काही तपासलेलं नाही. कंस. याचा अर्थ तिच्या म्हणण्यावर आपला अविश्वास आहे असा कोणी घेऊ नये. कंस. एकेचाळीस वर्षं जो माणूस प्रत्येक वाक्याकडे संशयाने बघत आला, त्याला स्वतःचं वाक्य लिहायला बसवलं की हे असं होतं. दर वाक्यामागे एक शंका, दर शंकेसाठी एक कंस.

आणि त्यांपैकी एकही कंस काकांनी पुरा केला नाही. ही विसरभोळेपणाची गोष्ट नव्हती, शिस्तीची होती. त्यांच्या छापखान्यात पद्धतच तशी होती. तपासणाऱ्याने समासात नुसता कंस उघडायचा आणि मजकूर लिहायचा. तो पुरा कुठे करायचा हे खिळे जुळवणारा जुळारी बघणार. एकदा नव्या नोकरीच्या उत्साहात काकांनी कंस स्वतःच पुरा केला, तेव्हा जुळारी दोन आठवडे त्यांच्याशी बोलला नव्हता. तेव्हापासून काका कंस उघडत आणि पुढच्या माणसावर विश्वास ठेवत. पुढचा माणूस जाऊन तिथे यंत्र आलंय, एवढाच काय तो फरक पडला होता.

तिसऱ्या दुपारी त्यांनी 'सादर करा' या बटणावर बोट ठेवलं. पडद्यावर एक लहान गोल चक्र फिरायला लागलं. ते फिरत राहिलं. काकांना वाटलं, बोट नीट लागलं नसेल. त्यांनी पुन्हा दाबलं. मग थोडं जोरात दाबलं. अकरा वेळा दाबून झाल्यावर त्यांनी निष्कर्ष काढला की संगणकच जुना झालाय, आणि सगळा मजकूर घेऊन ते वर वकिलांकडे गेले. वकिलांचा संगणक नवा होता. त्यावर चक्र जास्त सुबक फिरलं. तिथेही त्यांनी तीनदा दाबलं. वकील म्हणाले, "पोचला असणार. सरकारी कामात चक्र फिरतंय हेच खूप."

दुसऱ्या दिवशी, अर्ज पोचला का हे विचारायला काका कार्यालयात गेले तर खिडकीपासून फाटकापर्यंत रांग.

"सिस्टीम बंद आहे," कारकून प्रत्येकाला सांगत होता.

"आमचं लग्न आहे हो," पुढची मुलगी म्हणाली. "म्हणजे झालंय. नोंदवायचंय फक्त."

"झालंय ना? मग घाई कसली."

"मग सिस्टीम बंद असल्याची तक्रार करा ना वर," मागून, दोन गल्ल्यांतले दिवे गेल्याचं सांगायला आलेलं कोणीतरी म्हणालं.

"तक्रार सिस्टीमवरच करावी लागते," कारकून म्हणाला. तो हे रागाने म्हणाला नाही. माणूस पावसाबद्दल बोलतो तसं म्हणाला.

चार दिवस हेच चाललं. रोज सकाळी कार्यालयातलं मुख्य यंत्र बंद करून पुन्हा चालू करत. ते शहाण्यासारखं उठे, न वाचलेल्या अर्जांतला सर्वांत जुना अर्ज वाचायला घेई, आणि तिथेच खिळून बसे. मग बाहेर पाटी लागे. आणि रोज सकाळी प्रूफकाका रांगेत उभे राहत, आपली पाळी आली की हळू आवाजात विचारत, "माझा एक लहानसा अर्ज होता, पोचला का?" आणि नाही म्हटल्यावर आभार मानून निघत. चौथ्या दिवशी कारकुनाला राहवलं नाही. तो म्हणाला, "काका, सगळे तुमच्यासारखे शांत असते ना, तर ही वेळच आली नसती."

पाचव्या दिवशी पत्र आलं. विषय: 'प्रणालीवरील हल्ल्याबाबत'. खाली 'हल्लेखोर' म्हणून काकांचं नाव, अर्जाचा क्रमांक आणि दुसऱ्या दिवशी अकरा वाजता हजर राहण्याचा आदेश. पत्रात विरामचिन्हांच्या चार चुका होत्या, पण हल्लेखोराने त्या दाखवणं बरं दिसलं नसतं.

काका पत्र घेऊन वर गेले.

"काही कबूल करू नका," वकील म्हणाले. "अर्ज माझा नाहीच म्हणून सांगा."

"पण त्यात माझं नाव आहे, पत्ता आहे. हिचा गुडघा आहे."

"गुडघे बऱ्याच जणांना असतात."

जिन्यात गळतीवाले भेटले. त्यांच्या डोळ्यांत आदर होता, जो काकांनी तिथे आजवर कधी पाहिला नव्हता. ते जवळ येऊन म्हणाले, "कसं केलंत ते मला सांगा. कोणाला कळणार नाही. सहा वर्षांत माझ्या अर्जाने त्यांचा एक पंखासुद्धा बंद पडला नाही हो."

"मी काही केलं नाही. बाक मागितला."

"असू दे, नका सांगू," गळतीवाले म्हणाले. त्यांना वाईट वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी काका निघाले तर काकू पायांत चपला घालून दारात उभ्या.

"तू कशाला? मी एकटा जाऊन येतो."

"गुडघा माझा आहे. मी येणार."

अर्ज काकांनी काकूंना दाखवला नव्हता. त्या वाचतील असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं. कोणीच तो शेवटपर्यंत वाचेल असं वाटलं नव्हतं, आणि त्या विश्वासावरच तर शेवट लिहिला होता.

कार्यालयात आधी एक छापील खुलासा भरून घेतला. 'हल्ल्याचा हेतू' असा रकाना होता. काकांनी लिहिलं, 'बाक'. 'साथीदार असल्यास' असाही होता. काका खोटं लिहिणारे नव्हते. दुसऱ्या संगणकाचा मालक म्हणून त्यांनी वकिलांचं नाव लिहिलं, कंसात 'वरचा मजला' असं म्हटलं, आणि कंस पुरा केला नाही. (वकिलांनाही पुढे पत्र गेलं. ते अजून काकांशी जिन्यात एकाच शब्दात बोलतात.)

मग त्यांना साहेबांच्या खोलीत नेलं. साहेब होते, खिडकीतला कारकून होता, आणि एक पन्नाशीच्या बाई होत्या. कार्यालयाचे संगणक सांभाळण्याचं काम या बाईंकडे होतं. पाच दिवस धड जेवण न झालेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा होता. त्यांनी काकांकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं, मग हातातल्या कागदांकडे पाहिलं, आणि ते टेबलावर ठेवून दिले.

"हे हल्लेखोर नाहीत, साहेब," त्या म्हणाल्या.

"मग कोण आहेत?"

"अर्जदार."

साहेबांना समजेना. बाईंनी समजावून सांगितलं. साहेबांना लांबलचक अर्ज वाचायला लागू नयेत म्हणून सिस्टीममध्ये एक सोय केली होती. कंसातला मजकूर ती बाजूला काढी आणि साहेबांना नुसता गाभा दाखवी. ही वाचायची युक्ती बाईंनी स्वतः लिहिलेली नव्हती. असलं काही कोणी स्वतः लिहीत नाही. कुणीतरी लिहून जगाला वापरायला दिलेलं असतं, ते सगळे आणून बसवतात. हे ज्याचं होतं तो कुठल्याशा दूरच्या देशात शाळेत भूगोल शिकवत होता, आणि एका लांब सुट्टीत वेळ जाईना म्हणून त्याने ते लिहिलं होतं.

"त्यात एक खोट निघाली," बाई म्हणाल्या. "कंस उघडला की हा प्रोग्रॅम तो पुरा कुठे होतो ते शोधत शेवटपर्यंत जातो. नाही सापडला, तर आपलंच काही चुकलं असेल म्हणून परत मागे येतो आणि पहिल्यापासून दुसऱ्या पद्धतीने वाचतो. एक कंस अपुरा असेल तर दोन फेऱ्या. दोन असतील तर चार. तीन असतील तर आठ."

"हे तर आमच्याकडे रोज चालतं," काकू म्हणाल्या. "कुलपासाठी."

"यांचे किती आहेत?" साहेबांनी विचारलं.

"उघडलेले चौतीस. पुरा एकही नाही. सतराशे कोटींच्या वर फेऱ्या होतात, साहेब. वीसएक दिवस लागले असते, एका अर्जाला. आणि यांनी तो चौदा वेळा पाठवलाय."

कारकून काकांकडे बघत होता. रांगेतला सर्वांत शांत माणूस म्हणून ज्याचं त्याने दोनच दिवसांपूर्वी कौतुक केलं होतं, तोच हा.

"जगात हे लोक मुद्दाम करतात," बाई काकांना म्हणाल्या. "मोठमोठी कार्यालयं बंद पाडायला. तुम्ही मनापासून केलंत. चूक तुमची नाही, काका. प्रोग्रॅमने कुठेतरी थांबायला हवं होतं. इतकं झालं की म्हणावं, बास, मला हे वाचता येत नाही. ते त्याला येत नव्हतं."

काकांना त्या प्रोग्रॅमबद्दल एकदम आपलेपणा वाटला.

साहेबांना मात्र हे सगळं बाजूला सारून एक निर्णय घ्यायचा होता, आणि तो त्यांनी घेतला. "अर्ज रद्द करा."

"साहेब," कारकून म्हणाला, "रद्द झाला तर त्या जागेसाठी पुन्हा अर्ज करता येत नाही. दोन वर्षं."

"मग दोन वर्षांनी करतील."

दोन वर्षं. काकांनी मनात हिशेब केला. वयाचा, चढाचा, पिशव्यांचा. त्यांना बोलायचं होतं. दोन वर्षं जमायचं नाही, एवढंच वाक्य होतं आणि त्यात एकही कंस नव्हता. पण ते म्हणाले, "बरं."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. "बरं काय, बरं काय," त्या पुटपुटल्या.

"आत्ता रद्द नका करू, साहेब," बाई म्हणाल्या. "मला हा नमुना लागेल. भूगोलाच्या मास्तरांना कळवलंय मी. ते दुरुस्ती पाठवतील, तेव्हा ती याच अर्जावर तपासायची. आणि त्यासाठी एक प्रत कंस पुरे केलेली हवी. काका, कुठला कंस कुठे संपतो ते तुम्हीच सांगू शकता."

काका म्हणाले, "करतो मी. घरी घेऊन जातो. एकटा बसून करतो."

"कागद बाहेर जायचा नाही," साहेब म्हणाले.

"मग इथे. कोपऱ्यात बसतो."

"तुम्हीच सांगता ना, की एकट्याने कधी तपासायचं नसतं," काकू म्हणाल्या. "एकाने वाचायचं, दुसऱ्याने खूण करायची. आणा इकडे. मी वाचते."

"अगं, नको."

"चौतीस कंस एकट्याने उघडलेत तेवढे पुरे झाले."

काकूंनी चष्मा लावला आणि वाचायला घेतलं. काका लाल पेन धरून बसले.

"माझ्या पत्नीच्या गुडघ्याला, कंस सुरू, पत्नीचे वय अडुसष्ट, कंस सुरू, गुडघा डावा, कंस सुरू, क्वचित उजवा." काकू वाचत गेल्या. त्यांचा आवाज स्वच्छ होता. सहाव्या कंसात चढाची लांबी होती, सातव्यात ती पावलांनी मोजल्याची कबुली. अकराव्यात जाहिरातीवरची पेन्सिलीची दुरुस्ती आणि तिच्याबद्दल माफी. पंधराव्या कंसात काकूंनी बाजारातून काय काय आणायला सांगितलं होतं ते. साहेबांनी घड्याळ पाहिलं. विसाव्यात काका असं म्हणत होते की, एवढा मोठा अर्ज लिहिणं योग्य नव्हे. कारकून खिडकी सोडून आला होता, आणि खिडकीतून कोणी हाक मारली तरी तो जाईना.

"कंस सुरू, वरील मजकुरात गुडघ्याचा उल्लेख वारंवार आला आहे, कंस सुरू, तो पूर्णपणे खरा आहे असे मी शपथेवर सांगू शकणार नाही." काकू थांबल्या. त्यांनी काकांकडे पाहिलं नाही. पुढे वाचलं. "कंस सुरू, कारण दम मला लागतो. कंस सुरू, चढाच्या मध्यावर छाती भरून येते आणि पाऊल उचलत नाही. मी ते बोलत नाही. कंस सुरू, माझ्या पत्नीला ते कळते. म्हणून नेमकी तिथेच ती गुडघा दुखतो असे म्हणते आणि थांबते. कंस सुरू, मला हे कळत नाही असे तिला वाटते, आणि तसेच वाटत राहावे अशी माझी इच्छा आहे, कारण नाहीतर तिला थांबायला दुसरे काही कारण शोधावे लागेल."

बाईंनी उगाच एक वायर काढून परत लावली.

"इथे पुरा होतो का?" काकूंनी विचारलं. आवाज अजून स्वच्छच होता, फक्त थोडा खाली आला होता.

"हो," काका म्हणाले. "इथे सगळेच पुरे होतात."

त्यांनी मान खाली घालून शेवटच्या शब्दापुढे एकामागून एक चौतीस कंस पुरे केले. बराच वेळ लागला. साहेबांनी या वेळी घड्याळ पाहिलं नाही.

मग कारकुनाने कागद उचलला. आधी वरून खाली, मग खालून वर वाचला. "बाई," तो म्हणाला, "सगळे कंस बाजूला काढले तर गाभा काय उरतो?"

बाईंनी पाहिलं. "'माझ्या पत्नीच्या गुडघ्याला.'"

"पुढे?"

"पुढे काही नाही. त्या वाक्याकडे ते परत आलेच नाहीत."

"म्हणजे बाक कुठेच मागितलेला नाही," कारकून म्हणाला. तो साहेबांकडे वळला, आणि तीन नंबरच्या खिडकीत घालवलेली सगळी वर्षं त्याच्या आवाजात एकवटली. "साहेब, रद्द होतो तो अर्ज. यात मागणीच नाही. हा अर्जच झालेला नाही. हा अपुरा कागद आहे. अपुरा कागद रद्द करता येत नाही, पुरा करायला परत द्यावा लागतो."

साहेबांनी बराच विचार केला. मग त्यांनी 'अपूर्ण' असा शिक्का मागवला. काकांच्या एकेचाळीस वर्षांच्या नोकरीवर याहून मोठा डाग नव्हता. त्यांनी तो मुकाट्याने घेतला.

घरी जाताना चढावर हिरवी पेटी आली. काकू थांबल्या. या वेळी त्यांनी गुडघ्याचं नाव काढलं नाही. काकाही थांबले.

"कधीपासून माहीत होतं?" काकूंनी विचारलं.

"पहिल्याच दिवसापासून. डावा गुडघा म्हणायचीस आणि भार डाव्याच पायावर द्यायचीस."

"मग बोलला नाहीत."

"तूही बोलली नव्हतीस."

"एवढं सगळं सरकारला सांगितलंत," त्या म्हणाल्या. "मला सांगायला काय झालं होतं? माझ्याकडे तर रांगही नसते." आणि मग, "उद्या डॉक्टरकडे जायचंय."

"बरं," काका म्हणाले. हे 'बरं' मात्र त्यांना मनापासून म्हणायचं होतं.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, चढ कमी करा म्हणाले, आणि चढाच्या वर राहणाऱ्या माणसाने तो कमी कसा करायचा हे सांगितलं नाही.

नऊ दिवसांनी दुरुस्ती आली. भूगोलाच्या मास्तरांनी सोबत लांब पत्र लिहिलं होतं. माणूस इतके कंस उघडेल आणि एकही पुरा करणार नाही हे आपल्या स्वप्नातही आलं नव्हतं, जगभर चारशे ठिकाणी हे बसवलेलं आहे, आपल्याला झोप येत नाही, आणि त्या गृहस्थांची माफी मागतो, असं त्यात होतं. आता प्रोग्रॅम दहापर्यंत कंस सोसणार होता. अकराव्याला नम्रपणे सांगणार होता की अर्ज वाचता येत नाही, कृपया सोपा करा.

काका कार्यालयात जाऊन बाईंच्या संगणकावर बसले. काकू शेजारी. चौकटीत त्यांनी एका बोटाने लिहिलं, 'चढावर मला दम लागतो. मध्यावर बाक हवा.' बोट सवयीने कंसाच्या कळीकडे गेलं, तिथे थोडा वेळ घुटमळलं, आणि परत आलं. त्यांनी 'सादर करा' दाबलं. चक्र फिरायच्या आतच क्रमांक आला. काकांना वाटलं काहीतरी बिघडलंय. पुन्हा दाबायला त्यांचा हात उठला, तो काकूंनी धरला.

दीड महिन्याने जागा पाहायला एक ओव्हरसियर आले. हातात फीत, काखेत फॉर्मचं पुस्तक. काका-काकू पेटीपाशीच उभे होते. ओव्हरसियर चढ चढून आले, पेटीला हात टेकला, आणि बराच वेळ धापा टाकत उभे राहिले. मग त्यांनी फॉर्म उघडला.

"लाभार्थी?"

काकूंनी तोंड उघडलं. काका म्हणाले, "मी. मला दम लागतो."

ओव्हरसियरनी लिहिलं. "दुसरा?"

"दुसरा कोण?"

"एका लाभार्थ्याला बाक मिळत नाही. एकाला खुर्ची मिळते, आणि खुर्ची रस्त्यावर ठेवायला मनाई आहे. बाकाला कमीत कमी दोन लागतात. दोघांना आजार पाहिजे."

काका काकूंकडे बघायला लागले. त्या गुडघ्याचं नाव आता कोण घेणार, आणि खोटं कसं लिहून द्यायचं, आणि नाही दिलं तर बाक गेलाच. त्यांच्या मनात कंसामागून कंस उघडायला लागले.

"माझं नाव लिहा," काकू म्हणाल्या. "मला काही होत नाही. गुडघे दोन्ही ठणठणीत आहेत. पण हे बसले की मी बसणार."

"कारण काय लिहू? आजारांची यादी आहे इथे. हृदय, श्वास, सांधे, दृष्टी, इतर."

"इतर लिहा."

"इतर म्हणजे काय, ते पुढे लिहावं लागतं."

"लग्नाला बेचाळीस वर्षं झाली," काकू म्हणाल्या. "तेवढं लिहा."

ओव्हरसियरना अजून दम लागलेला होता. वाद घालायला श्वास शिल्लक नव्हता. 'इतर' पुढे त्यांनी 'बेचाळीस वर्षे' असं लिहिलं, खाली सही केली, आणि फीत उलगडून पेटीपासून सहा फूट मोजले.